ट्रूडेलचा दगड

मित्रांनो, मी कबरीवरचा एक जुना दगड आहे आणि मला राग आलेला आहे. दगडाने आपली कहाणी शांतपणे, सोसल्यासारखी सांगावी अशी तुमची अपेक्षा असेल, तर ती बाजूला ठेवा. माझ्या अंगावर सहा वर्षांच्या एका मुलीचे नाव कोरलेले आहे. ते नाव अठरा वर्षे चिखलात तोंड खुपसून पडले होते आणि वरून डुकरांच्या खाण्याच्या बादल्या जात होत्या. अशा वेळी शांत कसे राहायचे, ते ज्याला जमते त्याने मला शिकवावे.

माझा जन्म आमच्या गावापासून दोन कोसांवरच्या खाणीत झाला. गावाचे नाव तेव्हा हाझेलबाख होते. जेमतेम चाळीस घरे, एक चर्च, एक ओढा आणि ओढ्यात सदा कलकलाट करणारे पाळीव हंस. सगळी माणसे जर्मन बोलत. आज त्याच गावाला लेश्निक म्हणतात आणि सगळी माणसे पोलिश बोलतात. ओढा तोच आहे, चर्चही तेच आहे. युद्धानंतर मोठ्या लोकांनी टेबलावर नकाशा पसरला, सीमेची रेघ उचलली आणि आमच्या पलीकडे नेऊन ठेवली. आम्हाला कुणी विचारले नाही.

खाणीत आल्विन मेंत्सेल नावाचा पाथरवट होता. १९३८ च्या हिवाळ्यात त्याची धाकटी मुलगी ट्रूडेल घटसर्पाने गेली. त्याने ढिगाऱ्यातून मला निवडले. माझा रंग पिवळट होता आणि अंगात एकही शीर नव्हती. सहा रविवार तो माझ्यावर वाकून बसला. त्याने नाव कोरले, दोन तारखा कोरल्या आणि खाली एक हंस कोरला, कारण ट्रूडेल घरचे हंस ओढ्यावर न्यायची. शेवटच्या रविवारी छिन्नी घसरली आणि हंसाची मान आखूड झाली.

"मान बघा किती आखूड झालीय," त्याची बायको हेडविग म्हणाली.

"भ्यायलाय तो. मान आत ओढून घेतलीय," आल्विन म्हणाला. "मागं काठी घेऊन ट्रूडेल उभी आहे ना."

दोघेही हसले आणि मग हेडविग खाली बसून रडली. असा मी घडलो. मला चर्चमागच्या दफनभूमीत, शेवटच्या ओळीत, लिंडनच्या झाडाजवळ उभे केले. पुढे आल्विन युद्धावर गेला आणि परत आला नाही. घरात हेडविग आणि थोरली मुलगी इर्मगार्ट अशा दोघीच उरल्या.

१९४५ च्या पावसाळी शरद ऋतूत पूर्वेकडून रोझालिया आणि तिचा नवरा इग्नात्सी आले. त्यांचेही गाव दुसऱ्या देशाने गिळले होते. तीन आठवडे रेल्वेच्या गुरांच्या डब्यातून, एक गाय आणि एक शिवणयंत्र घेऊन, ती दोघे आली. त्यांच्या हातात कागद होता आणि कागदावर लिहिले होते की मेंत्सेलांचे घर आता तुमचे. दार उघडले तर आत दोन बायका बटाटे सोलत बसलेल्या. पुढचे आठ महिने त्या एकाच घरात, एकाच चुलीवर, दोन कुटुंबे राहिली. आधी पातेल्यांवरून भांडली, मग मिठावरून भांडली आणि मग हळूहळू एकीचे पातेले दुसरी ढवळू लागली. हे मला कसे कळले म्हणाल, तर दोघींनीही माझ्यापुढे बसून सांगितले. थडग्यापुढे बायका जेवढे बोलतात, तेवढे पाद्र्यापुढेही बोलत नाहीत.

इग्नात्सीचा मात्र मला तेव्हाही राग यायचा. छप्पर गळत होते, पण तो एक कौल बदलायला तयार नव्हता.

"वसंतात आपल्या गावी परत जायचंय," तो म्हणे. "परक्याच्या छपरावर कशाला चढू?"

असे म्हणणारा तो एकटाच नव्हता. सगळे गाव बोचकी न सोडता बसले होते. वसंत आला, गेला, आणखी वीस आले, आणि ते छप्पर गळतच राहिले.

१९४६ च्या उन्हाळ्यात हुकूम आला. जर्मनांनी दुपारपर्यंत गाव सोडायचे, माणशी वीस किलो सामान घ्यायचे. सकाळी हेडविग रोझालियाचे मनगट धरून तिला माझ्यापाशी घेऊन आली. एकीला दुसरीच्या भाषेतले पंधरा-वीस शब्द येत होते, तेही पीठ, मीठ, पाणी असले. हेडविगने माझ्यावरचे नाव दाखवले, मग स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि मग रोझालियाचा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला.

"माझा ब्रोनेक तिकडं राहिला," रोझालिया आपल्या भाषेत म्हणाली. "चार वर्षांचा होता. त्याच्यावर दगडसुद्धा नाही गं, लाकडाचा क्रूस तेवढा. तू तुझीला सोडून चाललीस, मी माझ्याला सोडून आले. मी बघेन हिच्याकडं. तिकडं माझ्या पोराकडं कुणीतरी बघेल."

हेडविगला शब्द कळले नसतील, पण तिने रोझालियाचे दोन्ही हात डोळ्यांना लावले. या वचनाचा मी साक्षीदार आहे. दुसरा कुणी तिथे नव्हता, म्हणून तर पुढे जे झाले ते मला गिळता येत नाही.

आमच्याकडे एक नोव्हेंबरला सगळे लोक आपापल्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. आमच्या गावात आलेल्यांना थडगीच नव्हती. त्यांचे आजे-पणजे शेकडो कोस दूर राहिले होते. म्हणून सगळे जण रस्त्यावरच्या मोठ्या क्रूसाखाली जमत आणि तिथेच मेणबत्त्या लावून पूर्वेकडे तोंड करून उभे राहत. रोझालिया तिथे एक लावी आणि दुसरी घेऊन माझ्याकडे येई.

"जर्मनांच्या पोरीला मेणबत्ती?" शेजारीण एकदा म्हणाली. "त्यांनी आपल्यासाठी काय दिवे लावलेत?"

"सहा वर्षांच्या पोरीनं कुठली लढाई केली गं?" रोझालिया म्हणाली. "हंस घेऊन गेली होती का रणांगणावर?"

असे अठ्ठावीस नोव्हेंबर गेले. ती माझी चांगली वर्षे. रोझालिया माझ्या भोवतालचे गवत काढी, अक्षरांतले शेवाळ केसातल्या पिनेने खरवडी. तिला इथे आल्यावर १९४७ मध्ये मुलगा झाला होता, त्याचे नाव चेशेक. लहानपणी तो आईबरोबर यायचा आणि हंसाच्या आखूड मानेत बोट घालायचा. मला तो आवडायचा. हे कबूल करताना आज माझ्या अंगाची लाही होते.

शाळेतली पोरे त्याला 'जर्मनांचा भाचा' म्हणत. मोठा होत गेला तसा तो माझ्यापासून दोन पावले दूर, खिशात हात घालून उभा राहू लागला. एका वर्षी तो बोललाच.

"आई, माझ्यासाठी कधी एवढी रडलीस का गं?"

"तू जिवंत आहेस की, सोन्या."

"म्हणजे तुझं लक्ष जायला मरायलाच पाहिजे!"

रोझालियाने त्याला जवळ ओढले, पण त्याने हात झटकला. मला तेव्हाच कळायला हवे होते.

१९७४ साली वरून आदेश आला की जुनी जर्मन दफनभूमी बंद करायची आणि जागा साफ करायची. ट्रक आला. काळ्या ग्रॅनाइटचे सगळे दगड शहरात गेले. तिथे त्यांचे चेहरे घासून काढले आणि दुसऱ्यांची नावे कोरून ते पुन्हा विकले, असे लोक बोलत. आम्हा वालुकाश्मांना कोण विचारतो? आम्हाला आडवे पाडून ठेवले आणि ज्याला हवा त्याने न्यावा असे सांगितले. कुणाचा आजा गोठ्याच्या पायात गेला, कुणाची बायको गटारावर झाकण म्हणून गेली. ज्यांनी नेले त्यांतल्या एकालाही लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी चेशेक ट्रॅक्टर घेऊन आला. तिथे चाळीस तरी दगड पडलेले होते. तो कुणाकडे न बघता सरळ माझ्याकडे आला, वीत लावून मोजले आणि म्हणाला, "मापात बसतोय." मापात काय, त्यांतले निम्मे दगड बसले असते. मित्रांनो, त्याने मला मापासाठी नेले नाही. त्याने मला मीच म्हणून नेले. हे मी शपथेवर सांगतो.

डुकरांच्या खोपटापुढे फार चिखल व्हायचा. तिथे त्याने मला पायरी म्हणून बसवले, आणि पालथे बसवले. नाव वर ठेवले असते तर आईला दिसले असते. बाजारातून परत आलेल्या आईला त्याने अंगणातच सांगितले, "सगळे दगड ट्रकनं नेले गं. तुझ्या त्या पोरीचासुद्धा." आणि ती माझ्यावर उभी राहून रडली.

होय, माझ्यावर. तोंड मातीत असले तरी मला सगळे ऐकू येत होते.

पुढची अठरा वर्षे ती रोज दोनदा माझ्यावरून बादल्या घेऊन गेली. बुटाचा चिखल तिने माझ्याच कडेला घासला. आणि दर एक नोव्हेंबरला ती उघड्या दफनभूमीत जाऊन, जिथे मी उभा होतो तिथे, नुसत्या मातीवर मेणबत्ती लावून येई. "लिंडनपासून नऊ पावलं," ती सुनेला, दानुताला, अंगणात सांगायची. "डोळे मिटूनसुद्धा जाईन मी." चेशेक तिथेच लाकडे फोडत असायचा. त्याची कुऱ्हाड एकदाही थांबली नाही. मी दगड आहे, मला तोंड नाही, पण त्याला तर होते!

मग १९९२ चा जून आला. सीमा उघडली होती. जर्मन म्हातारे-म्हाताऱ्या गाड्या भरभरून आपापली जुनी गावे बघायला येत होते. आता हे घरे परत मागणार, असे लोक कुजबुजत. चेशेकने तर फाटकाला नवे कुलूप आणले होते. वडिलांनी पडू दिलेले छप्पर त्याने स्वतः नवे घातले होते, आणि ते जाईल या भीतीने त्याची झोप उडाली होती.

एका दुपारी फाटकापाशी गाडी थांबली. पिकल्या केसांची एक बाई उतरली आणि बरोबर दुभाष्याचे काम करणारा ड्रायव्हर. रोझालियाने तिला घरात नेले आणि लगेच तिचा आवाज अंगणापर्यंत आला.

"अगं, न बघता डोकं वाकवलंस! स्वयंपाकघराचं दार ठेंगणं आहे, हे बाहेरच्या कुणाला ठाऊक? इर्मगार्ट! पोरी, इर्मगार्टच ना तू?"

ती इर्मगार्ट होती. ट्रूडेलची थोरली बहीण, आता त्रेसष्ट वर्षांची. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. दानुताने अंगणात टेबल मांडले, काचेच्या पेल्यांतून कॉफी आणली, खमिराचा गोड केक कापला. इर्मगार्टने खूप काही विचारले. विहीर, ओढा, शेजाऱ्यांचे नासपतीचे झाड. ज्यासाठी ती आली होती ते मात्र तिने सगळ्यांत शेवटी विचारले.

"ट्रूडेलचा दगड आहे का हो अजून?"

रोझालियाने तोंड उघडायच्या आत चेशेक बोलला. "ट्रकनं नेले सगळे. चौऱ्याहत्तर साली. सरकारी हुकूम होता, आम्ही काय करणार?"

"मला माफ कर, पोरी," रोझालिया म्हणाली. "तुझ्या आईला दिलेला शब्द माझ्याच्यानं राखवला नाही."

"असं म्हणू नका," इर्मगार्ट म्हणाली आणि ड्रायव्हर तिचे शब्द पोलिशमध्ये सांगत गेला. "माझी आई मरेपर्यंत दर एक नोव्हेंबरला खिडकीत बसायची. म्हणायची, आता रोझालिया निघाली असेल, आता तिनं मेणबत्ती पेटवली असेल."

मग ती उठली. खोपटात पूर्वी त्यांचे हंस असायचे, म्हणून तिला ते बघायचे होते. ती माझ्यावर चढली, दाराला हात टेकला आणि आत डोकावली. आतली डुकरे फुरफुरली. तिथेच, माझ्या पाठीवर उभी राहून, ती वळली आणि चेशेकला म्हणाली, "एखादा तुकडा तरी उरला असेल का हो? कोपऱ्याचा, कसलाही. आईच्या थडग्यावर ठेवायचाय मला. दोघींना थोडं जवळ आणता येईल म्हणून."

चेशेकने तिच्या पायांकडे पाहिले असणार, कारण त्याचे बूट मागे सरकल्याचे मला ऐकू आले.

"नाही," तो म्हणाला. "एक तुकडासुद्धा नाही."

मित्रांनो, मला खाणीतून फोडून काढले तेव्हा सुरुंग लावला होता. त्या सुरुंगाने मला एवढे दुखले नाही.

निघताना तिने एका कागदावर आपला पत्ता लिहून चेशेकच्या हाती दिला, काही सापडले तर कळवा म्हणाली. गाडी गेली. रोझालिया डोके दुखते म्हणून आत जाऊन पडली. दानुता टेबल आवरायला आली आणि तिचा पारा चढला.

"दगड देऊन टाकायचा होतास की रे तिला! पायाखाली होता तिच्या!"

"हळू बोल! आणि तुला कुणी सांगितलं?"

"मी बादल्या नेते इथून. पावसानं कडेखालची माती वाहून गेली तेव्हा अक्षरं दिसली मला, मी काय आंधळी आहे? तुझ्या घरातलं भांडण म्हणून इतकी वर्षं गप्प बसले."

"देऊन टाक म्हणे! आज दगडावर नाव दाखवलं की उद्या म्हणेल घरावरही आमचंच नाव आहे. मग काय करशील? मी तो पत्तासुद्धा चुलीत घातला."

"कुठला दगड?"

रोझालिया दारात उभी होती. ती अंगणात आली, खोपटापाशी आली, माझ्यापुढे थांबली आणि तिने पाय मागे घेतला.

"पहार आण," ती म्हणाली.

"आई, ऐक तर..."

"पहार आण म्हणते ना!"

त्याने पहार आणली. मला उलटे केले तेव्हा अठरा वर्षांनी उजेड दिसला. माझ्या अक्षरांत गांडुळे होती. सत्त्याहत्तर वर्षांची ती बाई गुडघे टेकून बसली आणि ॲप्रनने माझे तोंड पुसू लागली. हंस दिसला तशी ती उठली आणि तिने आपल्या पंचेचाळीस वर्षांच्या मुलाच्या थोबाडीत मारली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. खोटे कशाला बोलू, मला तो गोड लागला.

"माझ्या पायांनी तुडवून घेतलंस हिला," ती म्हणाली. "माझ्याच पायांनी! अरे, तिकडं माझ्या ब्रोनेकवरून कुणी असंच चालत असेल तर? दगड नेला म्हणून मी ज्याला शिव्या देत होते, तो माणूस माझ्याच घरात जेवत होता!"

"घर जाईल म्हणून भ्यालो गं आई."

"ती घर मागायला आली होती? तुकडा मागत होती ती, दगडाचा तुकडा! पत्ता काय होता? आठव."

त्याला आठवला नाही. गाव कुठले, ते आठवले नाही. इर्मगार्टचे लग्नानंतरचे आडनावही कुणी विचारले नव्हते. रोझालियाने चुलीतली राख हातांनी चाळली म्हणे. दानुता सायकलवरून मोठ्या रस्त्यापर्यंत गेली, पण गाडी केव्हाच निघून गेली होती.

संध्याकाळ व्हायच्या आत रोझालियाने ट्रॅक्टर काढायला लावला. दफनभूमीत लायलॅकच्या झुडपांची जाळी माजली होती. तिने लिंडनला पाठ लावली, नऊ पावले टाकली आणि बोट दाखवले. चेशेकने खणले. ती काठी टेकून उभी राहिली आणि मी सरळ उभा राहीपर्यंत तिने त्याला घाम पुसू दिला नाही. पुढे तिने पाद्र्याकडून चार-पाच पत्रे लिहवून घेतली, मेंत्सेल आडनावाच्या जर्मन लोकांना पाठवली. एकाचेही उत्तर आले नाही. १९९९ मध्ये ती गेली, तेव्हाही ती टपालवाल्याची वाट बघत होती.

आता माझे दिवस पालटले आहेत. दफनभूमीला कुंपण घातले आहे, काचेचा फलक लावला आहे. फीत कापायला साहेब लोक आले होते आणि वारसा, मैत्री, सामायिक इतिहास असले शब्द त्यांनी पोटभर वाटले. शाळेच्या सहली येतात. चेशेक आता म्हातारा झाला आहे, तोच त्यांना माहिती सांगतो. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, "हा दगड आमच्या घराण्यानं जपला." मुले टाळ्या वाजवतात. माझा तोल इतका पक्का नसता तर मी त्याच्या पायावर पडलो असतो, सगळे वजन टाकून.

तुम्ही आता म्हणाल, दगडोबा, शेवटी उपदेश करा, जुन्या वस्तू जपा म्हणून सांगा. नाही सांगणार. वस्तू सगळेच जपतात, फलक लावून जपतात. मला जपायचेच होते तर कागदाचा एक चिटोरा जपायचा होता. तो चुलीत गेला आणि फुकटच्या टाळ्या मला मिळतात.

तुम्हाला एकच काम सांगतो. इर्मगार्ट आज असेल तर पंचाण्णवच्या पुढे असेल. तुमच्यापैकी कुणी सीमेवरच्या नदीपलीकडे, जर्मनीत गेला, आणि कुठल्या वृद्धाश्रमात, कुठल्या खिडकीत, मूळची हाझेलबाखची अशी म्हातारी भेटली, तर तिला सांगा की ट्रूडेलचा दगड आपल्या जागी उभा आहे. रोझालियाने शब्द मोडला नव्हता, हेही सांगा. तिला यायला जमत नसेल तर तिच्या माणसांना पाठवा, छिन्नी घेऊन पाठवा. माझा हवा तो कोपरा फोडून न्या, मी हूं की चूं करणार नाही. फक्त, एखादा तुकडा तरी उरला असेल का असे तिने विचारले, तेव्हा ती कशावर उभी होती, ते तिला सांगू नका.